स्वच्छ रिपोर्ट आणि मानेतली गाठ

गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या या पट्ट्यात शिक्षकाचे घर म्हणजे अर्धे टपाल कार्यालयच. बँकेची नोटीस, रेशनकार्डाचा अर्ज, उर्दूतला निकाहनामा, इंग्रजीतला डॉक्टरी रिपोर्ट, ज्याला जे वाचता येत नाही ते तो आमच्याकडे घेऊन येतो. आम्ही काही डॉक्टर नाही. बी.एड. करून शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, एवढीच आमची पुंजी. पण अलीकडे येणाऱ्या कागदांत सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय अशी मोठमोठी पाकिटे वाढली आहेत. आणि पाकीट उघडायच्या आधीच समोरचा विचारतो, "फोटोत काही निघाले का?" नाही म्हटले की "अल्हम्दुलिल्लाह" म्हणत उठतो. हो म्हटले की चेहरा उतरतो, घरात रडारड सुरू होते.

या एका प्रश्नावर सगळे ठरवणे किती धोक्याचे आहे, ते आमच्या घरातल्या दोन आजारांनी आम्हाला शिकवले. एकदा फोटोने घाबरवले आणि आजार वेगळाच निघाला. दुसऱ्यांदा फोटो स्वच्छ होता आणि आजार आत लपलेला होता. दोन्ही वेळा गोष्ट मानेतल्या गाठीचीच होती.

आधी या गाठी म्हणजे काय ते सांगतो. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या घरातल्या बड्या बुजुर्गांना ठाऊक असते. शरीरात अशा शेकडो लहान ग्रंथी आहेत, त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या मानेत असतात. तोंड, जीभ, घसा, टाळू इथून जो पातळ रस वाहतो तो या ग्रंथींतून गाळला जातो. दाढ किडली तरी मानेत गाठ येते, घसा धरला तरी येते. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी मूळ जागेतून सुटल्या तर बहुतेक वेळा आधी इथेच येऊन अडकतात. म्हणून तोंडाच्या कर्करोगात डॉक्टर जिभेइतकेच मानेकडे लक्ष देतात. मानेत आजार पोहोचला असेल तर रुग्णाची बरे होण्याची शक्यता बरीच घटते.

ही मान तपासायची कशी? पहिले साधन डॉक्टरांची बोटे. पण जाड मानेत, खोलवर, लहान गाठ बोटांना लागत नाही. म्हणून यंत्रे आली. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात, त्यात किरणांचा त्रास नाही आणि खर्चही कमी. निरोगी ग्रंथी पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते, मधोमध चरबीचा पांढरा पट्टा असतो. कर्करोग शिरलेली ग्रंथी बहुधा गोल होते, पट्टा नाहीसा होतो, कडा वेड्यावाकड्या होतात. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून औषध देऊन चित्रे काढतात. आडव्या मापात सुमारे एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, किंवा मधोमध कुजलेला काळा भाग दिसला तर संशय बळावतो. एमआरआय जिभेसारख्या मऊ भागात आजार किती खोल गेला ते चांगले दाखवते.

पेट स्कॅनची गोष्ट निराळी. त्यात साखरेसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून सुई देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चित्रात चमकतात. हे औषध टिकत नाही, दर ११० मिनिटांना त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून ते जवळपासच तयार करावे लागते. आपल्या देशात हे काम २००२ साली मुंबईत परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सार औषध केंद्रात सुरू झाले.

आता पहिली गोष्ट, आमच्या खालाची. वय पन्नाशीचे, सकाळी मशेरी लावायची जुनी सवय. गेल्या काही वर्षांत ती सोडली होती. उजव्या बाजूला मानेत दोन-तीन गाठी आल्या, एकमेकींना चिकटलेल्या, दुखत नव्हत्या. शेजारणीने सांगितले, कुंडातल्या गरम पाण्याने शेक दे. आमच्या गावात गरम पाण्याची कुंडे आहेत, त्यामुळे इथे हा सल्ला फुकट मिळतो. खालाने पंधरा दिवस शेकून पाहिले. थकलेल्या पायांना त्या पाण्याने आराम पडतो यात शंका नाही, पण गाठ काही हलली नाही. मग सोनोग्राफी झाली. रिपोर्टात लिहिले होते की गाठी गोलसर आहेत, पट्टा दिसत नाही, मधला भाग कुजल्यासारखा आहे, "संशयास्पद".

मशेरीची सवय आणि हा शब्द, दोन्ही जुळून आले. घरात कुणी जेवले नाही. एका नातेवाइकाने फोनवर सांगितले की सगळ्या शरीराचा मोठा फोटो, पेट स्कॅन, लगेच काढा, पैशाचे बघू. पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी थांबवले. म्हणाले, "आधी सुई घालू." सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई गाठीत घातली, थोडा द्रव काढला, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि क्षयाची तपासणीही केली. निघाला क्षयरोग. पूर्वी गंडमाळा म्हणत तोच. सहा महिने सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळाल्या आणि अल्लाहच्या कृपेने खाला बरी झाली.

तेव्हा कळले की पेट स्कॅन काढले असते तर त्या गाठी त्यातही लखलखीत चमकल्या असत्या. क्षयाने सुजलेल्या ग्रंथीतल्या पेशीही साखर भरपूर खातात. परदेशातल्या पुस्तकांत चमकणारी गाठ म्हणजे कर्करोग हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. आपल्या देशात क्षय इतका पसरलेला असताना तो अंदाज तितका पक्का राहत नाही. चित्र संशय दाखवते, निकाल सुई आणि सूक्ष्मदर्शक देतात. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी बजावली: मानेतली गाठ आधी कापून काढायची घाई करू नका. आधी तोंड-घसा नीट तपासून घ्या, मग सुईची तपासणी, आणि कापाकापीचा विचार सगळ्यात शेवटी.

दुसरी गोष्ट आमच्या मामूंची. जन्म भिवंडीत, अर्धे आयुष्य यंत्रमागावर. कारखान्यात रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू-सुपारी, आणि नंतर गुटखा. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पुडी मिळतच राहिली आणि मामूंचा गाल रिकामा राहिला नाही. जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली. एका दवाखान्यात दोन महिने मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालल्या. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायचा असतो, हे तिथे कुणी सांगितले नाही. शेवटी मामू आमच्याकडे राहायला आले आणि आम्ही त्यांना परळच्या टाटा रुग्णालयात नेले. पहाटेची एसटी, अंबाडीवरून भिवंडी, मग ठाणे, तिथून लोकल. २८ फेब्रुवारी १९४१ ला हे रुग्णालय सुरू झाले, आणि देशाच्या कुठल्या कोपऱ्यातले लोक तिथे रांगेत भेटत नाहीत, असे नाही.

तुकडा तपासला, कर्करोग निघाला. जखम दोन सेंटिमीटरची. मानेला हात लावून पाहिले, काही लागले नाही. सोनोग्राफी झाली, त्यातही संशयाची गाठ नव्हती. घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण सर्जन म्हणाले, जिभेचा भाग काढताना डाव्या बाजूच्या मानेतल्या ग्रंथीही काढू.

त्या रात्री घरात मोठी मजलिस बसली. मामी रडत म्हणाली, "रिपोर्टात काही नाही म्हणतात, मग गळ्याला सुरी कशाला लावायची?" मामूंचे धाकटे भाऊ म्हणाले, "जिभेचे करून घ्या. मानेवर नजर ठेवू. दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी करू. काही निघाले तर तेव्हा बघू." बोलणे अगदी समजूतदारपणाचे वाटत होते. सुरी कोणाला हवी असते? मामू काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे बघून एवढेच म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा."

आम्ही काय सांगणार? दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा सर्जनलाच विचारले. त्यांनी सांगितले ते असे. ग्रंथीत शिरलेला आजार सुरुवातीला एक-दोन मिलिमीटरचा असतो. तेवढ्याने ग्रंथीचा आकार बदलत नाही, पट्टा नाहीसा होत नाही. सोनोग्राफीला तो दिसत नाही, सीटीला नाही, एमआरआयला नाही आणि पेटलाही नाही. "गाठ दिसत नाही" असे रिपोर्ट म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की दिसण्याइतकी मोठी गाठ नाही.

आणि "नजर ठेवू" या मार्गाचे उत्तर त्याच रुग्णालयात शोधले गेले होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे एक मोठी पाहणी केली. तोंडाचा कर्करोग लहान आहे आणि मानेत गाठ लागत नाही अशा ५९६ रुग्णांना त्यात घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. एका गटात जिभेबरोबर, किंवा जिथे मूळ जखम असेल तिच्याबरोबर, मानेतल्या ग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात फक्त मूळ जखम काढली, मानेवर नजर ठेवली आणि गाठ आली तर मग शस्त्रक्रिया केली. म्हणजे धाकटे मामू म्हणत होते अगदी तेच. पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आला. मान आधीच साफ केलेल्यांत तीन वर्षांनंतर १०० पैकी ८० जण हयात होते. नजर ठेवलेल्यांत ६७ किंवा ६८. आजार परत न येता जगणारे पहिल्या गटात सुमारे ७०, दुसऱ्यात ४६. हिशेब असा पडतो की दर आठ जणांची मान आधी साफ केली तर एकाचा जीव वाचतो.

ज्यांची मान आधीच साफ केली त्यांच्यातल्या साधारण दहापैकी तिघांच्या ग्रंथींत आजार सापडला. यांतल्या कोणाच्याही मानेला बाहेरून काही लागत नव्हते. आणि दुसऱ्या गटात गाठ पुढे जेव्हा दिसली तेव्हा ती बऱ्याचदा वाढलेली होती. नजर ठेवणारे लोक तपासणीला वेळेवर येतीलच असेही नाही. पावसाळ्यात तानसा भरून वाहते तेव्हा आमच्या भागातून परळला दर दोन महिन्यांनी जाणे कसे जमते, ते आम्हाला माहीत आहे.

आम्ही हे आकडे घरी फळ्यावर लिहावेत तसे कागदावर लिहून दाखवले. मामीला टक्केवारी कळली नाही, पण आठात एक हे कळले. ती म्हणाली, "आठ जणांत एक आपलाच असला तर?" मामूंनी सहीला पेन मागितले.

शस्त्रक्रिया झाली. जिभेच्या भागाबरोबर मानेतल्या तीसहून अधिक ग्रंथी काढून तपासल्या. त्यांतल्या एकीत आजार निघाला, तीन मिलिमीटरचा. सोनोग्राफीने चूक केली असे कुणी म्हणू नये. यंत्राच्या नजरेची तेवढी धावच नव्हती. पुढे किरणोपचार झाले. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. सिद्ध झाले ते त्या ५०० जणांवरून. मामू त्यांच्यात एक ओळख पटलेला चेहरा, एवढेच.

याची किंमतही सांगायला हवी. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस असते. ती जपली तरी शस्त्रक्रियेत ताणली जाते आणि खांदा जड पडतो. नमाजला उभे राहिल्यावर तकबीर म्हणताना मामूंचा डावा हात कानापर्यंत जात नव्हता, छातीपाशीच अडखळायचा. ते पाहून मामी तोंड फिरवायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी भिंतीवर बोटे चालवत वर नेण्याचा व्यायाम शिकवला. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत, प्रत्येक आठवड्याला एक. सात महिन्यांनी हात कानाला लागला.

इतके वाचून कुणी म्हणेल, मग स्कॅनचा उपयोगच काय? उपयोग फार आहे, फक्त प्रश्न कोणता विचारतो त्यावर उत्तर अवलंबून असते. गाठ दिसतच असेल तर ती किती मोठी, कुठल्या रक्तवाहिनीला चिकटली आहे, दुसऱ्या बाजूला आहे का, छातीत काही आहे का, हे स्कॅनशिवाय सर्जनला कळत नाही. उपचारानंतरचा प्रश्न तर अगदी उलटा आहे. ज्यांच्या मानेत मोठ्या गाठी आहेत अशा रुग्णांना केमो आणि किरणोपचार एकत्र दिल्यावर पूर्वी पुष्कळ ठिकाणी मानेची शस्त्रक्रिया ठरवूनच करत. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ५६४ रुग्णांची पाहणी केली. निम्म्यांना ठरवून शस्त्रक्रिया, निम्म्यांना उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट-सीटी आणि गरज दिसली तरच शस्त्रक्रिया. २०१६ साली निकाल आला. दोन्ही गटांतले लोक जवळजवळ सारखेच जगले, पण स्कॅनवर विसंबलेल्या गटात ५४ शस्त्रक्रिया झाल्या आणि दुसऱ्यात २२१. त्यात बहुतेक रुग्ण घशाच्या कर्करोगाचे होते, जिभेच्या नाहीत, हेही लक्षात ठेवायचे. तिथे स्वच्छ स्कॅनवर भरवसा ठेवता येतो. मामूंच्या बाबतीत, शस्त्रक्रियेच्या आधी, तेवढा ठेवता येत नव्हता. शब्द तोच, "स्वच्छ". अर्थ दोन.

आता मधला मार्गही निघतो आहे. जखमेच्या बाजूला किंचित किरणोत्सारी औषध टोचतात, कॅमेऱ्याने पाहतात की ते मानेतल्या कुठल्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचते, आणि तेवढ्याच एक-दोन ग्रंथी काढून तपासतात. त्या निरोगी असतील तर बाकीची मान राखतात. फ्रान्स आणि जपानमध्ये झालेल्या पाहण्यांत या पद्धतीने रुग्णांचे नुकसान झाले नाही असे दिसले. ज्यांची जखम अगदी उथळ आहे त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळा विचारही करतात. म्हणून शेजाऱ्याच्या मानेचा निर्णय आपल्या मानेला लावू नये.

वाचक भगिनी-बंधूंसाठी काही कामाच्या गोष्टी. सोनोग्राफी किंवा स्कॅनला जाताना गळ्यातले दागिने, स्कार्फच्या पिना घरीच ठेवा. स्त्री तंत्रज्ञ हवी असेल तर वेळ घेतानाच सांगा. मान उघडी ठेवावी लागते, यात संकोच नको, संकोचाने अर्धवट तपासणी करून घेणे हे तर मुळीच नको. पेट स्कॅनला चार-सहा तास उपाशी राहावे लागते. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्शुलिनचे आधी विचारा, रक्तातली साखर वाढलेली असेल तर चित्र बिघडते. सुई दिल्यावर गप्प पडून राहायला सांगतात, कारण बोलले-चावले तरी जबड्याचे स्नायू साखर खातात आणि चित्रात चमकतात. खोली गार असेल तर चादर मागून घ्या. थंडीने मानेजवळची एक प्रकारची चरबीही चमकते. सीटीच्या आधी किडनीचे आजार, दमा, औषधाची ॲलर्जी सांगायला विसरू नका. जुने फोटो आणि सीडी जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरांना तुलना करायला तीच लागते. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

आणि डॉक्टरांना "फोटोत काही निघाले का" एवढेच विचारून उठू नका. विचारा की हा फोटो कोणत्या प्रश्नासाठी काढला? त्याला किती लहान आजार दिसू शकतो? संशय आहे तर सुईची तपासणी कधी? स्वच्छ आहे तर मानेचे पुढे काय? हे चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर गावातल्या मास्तरांकडे या, ते लिहून देतील.

तोंडातली जखम किंवा मानेतली गाठ तीन आठवडे टिकली तर थांबू नका, हे तर आहेच. पण त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या पानदानात आहे. लग्नात, मंगनीत, ईदच्या दिवशी आपण पाहुण्यांसमोर सुपारी ठेवतो आणि तिला मानपान म्हणतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही तोंडाचा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने केव्हाच सांगून ठेवले आहे. मामूंच्या धाकट्या मुलीचा निकाह गेल्या वर्षी झाला. त्या दिवशी पानदान बाहेर निघाले नाही. पाहुण्यांना मामूंनी स्वतःच्या हाताने बडीशेप आणि खजूर दिले. बोलताना त्यांची जीभ अजून थोडी अडखळते, पण पाहुण्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.